‘फॉल बॅक’ म्हणजे काय, हे मी विचारलं नव्हतं

घरी कुणी विचारलं की तू कंपनीत नक्की करतेस काय, तर मला अजूनही पटकन सांगता येत नाही. "कॉम्प्युटरवरचं काम" एवढ्यावर आत्याचं भागतं, पप्पांचं भागत नाही. पप्पा बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी आहेत, तीस वर्षं होत आली, त्यांना नेमकं लागतं, म्हणजे माल कुठला, येतो कुठून, जातो कुठं आणि हिशोब कोण लिहितं. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय ते उठत नाहीत. दहा रुपयांचा फरक असला तरी रोजमेळ पुन्हा पहिल्यापासून. मी शाळेत असताना कितीतरी संध्याकाळी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून बेरजा केल्यात, ते आकडे वाचायचे आणि मी मांडायचे. हे आधी सांगून ठेवते, पुढे त्याचा संबंध आहे.

माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग बार्शीतच सायन्स, मग सोलापूरला इंजिनिअरिंग. २०१६ मध्ये कॅम्पसला सिलेक्शन झालं, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये हिंजवडी फेज टू ला जॉइन झाले. पॅकेज वर्षाला ३ लाख ३० हजार. गावात सगळ्यांनी त्याला बाराने भागलं आणि महिन्याचा आकडा काढला, पण हातात येतात ते तेवढे नसतात, कारण त्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, पाच वर्षं झाल्याशिवाय न मिळणारी ग्रॅच्युइटी असते, मेडिक्लेमचा हप्ता असतो. मग आपला बेसिकच्या १२ टक्के पीएफ, २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स (फेब्रुवारीत ३००), कंपनीच्या बसचे पैसे, हे सगळं जाऊन पहिल्या महिन्यात साधारण २२ हजार आले. वाकडला पीजीत दोघींच्या रूमचे साडेसहा हजार. तरी पहिला पगार झाला त्या दिवशी मी पप्पांना सॅलरी स्लिप पाठवली आणि त्यांनी फोनवरच एकेक ओळ विचारून टोटल जुळवून घेतली.

पहिले तीन महिने ट्रेनिंग. आमच्या बॅचला साठ जण, जावा, एसक्यूएल, थोडं युनिक्स, दर शुक्रवारी टेस्ट. अभ्यासाचं मला काही वाटलं नाही. अवघड गेलं ते इंग्लिश. वाचता यायचं, लिहिताही यायचं, पण समोरचा भराभर बोलायला लागला की तीन शब्दांतला एक सुटायचा आणि त्या एका शब्दाचा विचार करेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जायची. पहिल्याच आठवड्यात मी एका सेशनला दोन वेळा "पार्डन" म्हटलं तर मागून कुणीतरी हसलं. कोण हसलं ते कळलं नाही, आणि कदाचित माझ्यावर हसलंही नसेल, पण त्यानंतर मी ट्रेनिंगभर कधी "पार्डन" म्हटलं नाही. मान हलवायची, येस म्हणायचं, आणि नंतर रूमवर येऊन शोधायचं. सॉफ्ट स्किलच्या सेशनला आम्हाला हात कसा मिळवायचा, नजरेला नजर कशी द्यायची, कॉन्फिडंट कसं दिसायचं हे सगळं शिकवलं. "मला समजलं नाही" हे वाक्य कसं बोलायचं ते मात्र कुणी शिकवलं नाही. माझा राग आहे तो एवढ्याच गोष्टीवर आहे, आणि तो आजही आहे.

ट्रेनिंग संपलं की लगेच प्रोजेक्ट मिळतं असं बाहेर वाटतं. तसं नसतं. मी दोन महिने बेंचवर होते. सर्व्हिस कंपनीचा धंदा असा आहे की क्लायंट माणसाच्या तासाप्रमाणे पैसे देतो, तुम्ही प्रोजेक्टवर असाल तर बिलेबल, नसाल तर बेंच, म्हणजे कंपनी पगार देतेय पण तुमच्यावर मिळत काही नाही. कार्ड स्वाइप करून नऊ तास भरायचे, टाइमशीटमध्ये अनअलोकेटेड लिहायचं, ऑनलाइन कोर्स करायचे आणि रिसोर्सवाल्यांच्या, म्हणजे कुणाला कुठलं प्रोजेक्ट द्यायचं ते ठरवणाऱ्यांच्या, मेलची वाट बघायची. कॅन्टीनमध्ये सगळ्या बेंचवाल्यांचा एक कोपराच ठरलेला होता. कोण कधी गेलं, कुणाला कुठलं प्रोजेक्ट लागलं एवढंच बोलणं. त्या दिवसांत मी घरी फोन करायचं टाळायचे, कारण आई विचारायची आज काय केलंस, आणि मला खोटं बोलवत नव्हतं.

फेब्रुवारी २०१८ ला प्रोजेक्ट लागलं. अमेरिकेतली एक इन्शुरन्स कंपनी, त्यांची सिस्टिम सांभाळायची. मेंटेनन्स प्रोजेक्ट म्हटलं की बॅचमधले लोक नाक मुरडायचे, डेव्हलपमेंट नाही, सपोर्ट आहे म्हणून. मला ते काम आवडलं. एक म्हणजे मला कुणीतरी घेतलं होतं याचाच आनंद होता, आणि दुसरं म्हणजे ते काम मला ओळखीचं वाटलं. दिवसा लोक पॉलिसी काढतात, हप्ते भरतात, पत्ता बदलतात. रात्री सिस्टिम एकामागून एक जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे प्रोग्राम, चालवते, कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, एजंटला किती द्यायचे, बँकेला कुठली फाइल पाठवायची. सकाळी आम्ही बघायचं की सगळे जॉब नीट झाले का, काउंट, म्हणजे नोंदींची संख्या, जुळतो का. म्हणजे रोजमेळच की.

केटी चार आठवड्यांची होती. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, जाणारा माणूस येणाऱ्याला काम समजावून देतो. जो मुलगा मला शिकवत होता त्याचा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड संपत आला होता, त्याचं मन पुढच्या नोकरीत, पण त्याने माझ्याकडून एक वही करून घेतली, दर जॉबला एक पान, तो कधी सुरू होतो, काय वाचतो, काय लिहितो, अडला तर कुणाला फोन करायचा. ती वही अजून माझ्याकडे आहे. मी त्यात एक रकाना वाढवला, रोजचा काउंट आणि रक्कम. कुणी सांगितलं नव्हतं, सिस्टिमच्या मेलमध्ये ते यायचंच, पण हाताने लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

शिफ्ट साडेबारा ते साडेनऊ. आल्यावर तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी आणि कामं, बघायची, एकला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग. दिवसभर दुसऱ्यांनी पूर्वी कधीतरी लिहिलेला कोड वाचायचा (खरंच सांगते, स्वतः लिहायला दिवसात दोन तासही मिळायचे नाहीत, बाकी सगळं वाचणं, शोधणं, मेल आणि कॉल), आणि संध्याकाळी क्लायंटबरोबर स्टेटस कॉल. रात्री कंपनीची कॅब, आणि गाडीत शेवटी मुलगीच उरणार असेल तर पुढे सिक्युरिटी गार्ड बसायचा. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेसहा, हे उन्हाळ्यात. मी जॉइन झाले तेव्हा कॉल साडेसातला असायचा, मार्चमध्ये एके दिवशी आपोआप तासभर अलीकडे आला आणि मला कळलं की अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळ बदलतात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ, त्यामुळे आपल्याला ही गोष्ट अंगवळणी पडलेलीच नसते. मला तेव्हा त्यातलं एवढंच कळलं की आता कॅब लवकर मिळणार.

जूनमध्ये मला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर एक चेंज मिळाला. छोटाच होता. ज्या लोकांनी बँकेतून आपोआप हप्ता कापायची परवानगी दिलेली असते त्यांची यादी करून बँकेसाठी फाइल बनवणारा एक जॉब होता, तो तिकडच्या पहाटे चारला चालायचा. क्लायंटला फाइल लवकर हवी होती, म्हणून तो दीडवर आणायचा. सकाळी सहाला दुसरा जॉब ती फाइल उचलून बँकेला पाठवायचा, त्याला हात लावायचा नव्हता. जॉब चालवणारं शेड्युलर क्लायंटचं स्वतःचं, फार पूर्वी त्यांच्याच कुणीतरी लिहिलेलं. ते दर मिनिटाला सर्व्हरचं घड्याळ बघायचं आणि त्या वेळेला ज्या जॉबचं नाव असेल तो सोडायचं. चारच्या ठिकाणी दीड लिहायचं, टेस्ट करायचं, चेंज रिक्वेस्ट भरायची, अप्रूव्हल घ्यायचं, एवढंच.

अप्रूव्हलच्या कॉलवर आमच्या बाजूने सहा जण होतो. तिकडून एक वयस्क गृहस्थ, त्याच कंपनीत तीसेक वर्षं काढलेले, आवाज जड, शब्द तोंडातल्या तोंडात. मी माझं सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले ठीक आहे, आणि मग म्हणाले, "मेक शुअर यू चेक द फॉल बॅक." मला फॉलबॅक ऐकू आलं. चेंज फसला तर मागे कसं जायचं याला आमच्याकडे रोलबॅक म्हणतात, फॉलबॅक पण म्हणतात, आणि ते मी भरलेलं होतं, दीड काढून पुन्हा चार लिहायचं. मी म्हटलं, "येस, येस, इट्स देअर." पण मला त्या क्षणी कुठंतरी टोचलं होतं, कारण ते फक्त फॉलबॅक म्हणाले नाहीत, त्याच्या पुढे घड्याळाबद्दल काहीतरी म्हणाले होते. ‘क्लॉक’ हा शब्द मी नक्की ऐकला होता. सहा जण बसलेले, टीम लीड बसलेले, पहिलाच चेंज, आणि मी परत सांगा म्हणाले नाही. मिनिट्स, म्हणजे कॉलवर काय ठरलं त्याची नोंद, माझ्याकडेच होते. मी लिहिलं, फॉलबॅक प्लॅन तपासणे, झाले.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, जॉब रोज दीडला चालत होता. वहीत रोजचा काउंट.

त्या वर्षी ४ नोव्हेंबरला वसुबारस होती, रविवार. लीड शनिवारीच गावाला गेले, टीममधली बाकीची मंडळीही, मी रविवारचा सपोर्ट घेतला आणि सोमवारी सकाळच्या एसटीने निघायचं ठरवलं. पीजी रिकामं, मेस बंद, माझी रूम पार्टनर लातूरची, ती पण गेलेली. आईने सकाळीच फोन करून सांगितलं होतं, आज गव्हाचं आणि दुधाचं खाऊ नकोस. मी लॅपटॉप उघडून बॅग भरत बसले होते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मेल आला, जॉब पूर्ण झाला. वहीत लिहिलं, काउंट ४,११२. मग सव्वाबाराच्या पुढे पुन्हा मेल आला. तोच जॉब, तोच काउंट, सुरू व्हायची वेळ ०१:३०. मला पहिल्यांदा वाटलं मेलच दोनदा आला, तसं कधीकधी व्हायचं. मी बंद पण केला. पण वहीत एका तारखेसमोर एकच ओळ असते आणि माझ्याकडे मेल दोन होते, ते मला खटकलं, म्हणून दोन्ही मेल शेजारी शेजारी ठेवले. सुरू व्हायची वेळ दोन्हीकडे ०१:३०. संपायची वेळ एकात ०१:४८ आणि दुसऱ्यात ०१:५१.

एकच मेल दोनदा आला असता तर तीन मिनिटांचा फरक पडला नसता. मी सर्व्हरवर जाऊन फोल्डर बघितला. फाइली दोन होत्या. नाव तेच, तारीख तीच, शेवटी एकीला ०१ आणि दुसरीला ०२. दोन्हीत तीच ४,११२ माणसं. हप्ता वसूल झाला अशी नोंद सिस्टिममध्ये बँकेचं उत्तर आल्यावर पडायची, त्यामुळे दुसऱ्या वेळी जॉब चालला तेव्हा त्याच्या दृष्टीने कुणाचाच हप्ता आलेला नव्हता, त्याने सगळ्यांना पुन्हा यादीत घेतलं. आणि सहा वाजता पाठवणारा जॉब फोल्डरमध्ये जे असेल ते सगळं उचलतो. चार हजार लोकांच्या खात्यातून एकाच महिन्याचा हप्ता दोनदा. मी त्या माणसांना कधी बघितलेलं नाही, पण फाइल उघडली की नावं दिसतात, रक्कम दिसते. कुणाचे ६० डॉलर, कुणाचे ३००. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरभाडं, किराणा सगळ्यांनाच असतो, तिकडेही असणारच.

लीडना फोन लावला, लागेना. दोनदा. तिसऱ्यांदा उचलला, मागे म्हशी ओरडत होत्या, मी जे सांगितलं ते त्यांनी एकदा ऐकून घेतलं आणि विचारलं, बँकेकडे गेली का? मी म्हटलं नाही, सहाला जाते. "मग आपल्याकडे किती वेळ आहे?" मी म्हणाले साडेतीनपर्यंत. मग गप्प झाले आणि पुन्हा सर्व्हरचं घड्याळ बघितलं. सकाळपर्यंत फरक साडेनऊ तासांचा होता, आता सर्व्हर सांगत होतं त्याप्रमाणे साडेदहा. म्हणजे साडेचार. त्या एका तासाकडे बघताना मला पहिल्यांदा अर्धवट कळलं की काय झालंय.

क्लायंटच्या परवानगीशिवाय प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष चालू सिस्टिममधल्या, फाइलला हात लावायचा नाही, हा नियम. ऑन-कॉल यादीत त्या रविवारी नाव त्याच गृहस्थांचं. आपल्याकडे दुपारचा एक वाजून गेला होता, तिकडे रात्रीचे अडीच. लीड म्हणाले, माझं नेट चालत नाहीये, फोन तूच लाव, आणि घाई करू नकोस, सावकाश बोल. मी फोन लावायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर चार वाक्यं इंग्लिशमध्ये लिहून काढली. हात थरथरत होता ते अक्षर अजून तसंच आहे.

त्यांनी चौथ्या रिंगला उचलला. मी चार वाक्यं वाचली. पलीकडून बराच वेळ काही नाही, मग ते म्हणाले, "ओह. द फॉल बॅक."

आणि मी म्हणाले, "सर, आय डोन्ट अंडरस्टँड. व्हॉट इज फॉल बॅक?"

नोकरीत पहिल्यांदा मी हे वाक्य क्लायंटला बोलले होते. रात्री अडीचला झोपेतून उठवून. ते चिडले नाहीत. एकेक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं की फॉल म्हणजे त्यांच्याकडचा पानगळीचा ऋतू, त्या ऋतूत घड्याळ एक तास मागे जातं त्याला फॉल बॅक म्हणतात, मार्चमध्ये पुढे जातं त्याला स्प्रिंग फॉरवर्ड. आज पहाटे दोन वाजले तेव्हा घड्याळ परत एकवर आलं. त्यामुळे दीड आज दोनदा वाजले. तुमच्या जॉबला दीड दोनदा दिसले, तो दोनदा चालला. चारला असता तर एकदाच चालला असता, चार दोनदा वाजत नाहीत. जूनमध्ये त्यांनी हेच सांगितलं होतं.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. त्यांनी मेलवर परवानगी दिली, मी इमर्जन्सी तिकीट काढलं, दुसरी फाइल तिथून हलवून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, हलवायच्या आधी दोन्ही फाइली ओळीला ओळ ताडून बघितल्या की पहिलीत काही कमी तर नाही. मग साडेचारपर्यंत नुसतं थांबणं. त्या अडीच-तीन तासांत आईचा फोन दोनदा आला, मी उचलला नाही. साडेचारला पाठवायचा जॉब सुरू झाला, फाइल एक, काउंट ४,११२. मी वहीत लिहिलं आणि त्याच्यापुढे वेळ लिहिली आणि मग रडले. नंतर घरून गाय-वासराच्या पूजेचा फोटो आला.

दिवाळी झाल्यावर सोमवारी आरसीए होतं, म्हणजे चूक का झाली याचं मूळ कारण शोधून लेखी द्यायचं. लीडनी मसुदा केला होता, शेड्युलर घड्याळातला बदल सांभाळत नाही, हे कारण. ते खोटं नव्हतं. तेवढ्यावर तो कागद मंजूरही झाला असता, कारण जूनच्या कॉलमध्ये माझ्या मनात काय टोचलं हे कुणाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण मिनिट्स माझ्या अक्षरातले होते, म्हणजे मीच टाइप केलेले, फॉलबॅक प्लॅन तपासणे, झाले. ती ओळ मला घरी चार दिवस दिसत होती, फराळ करताना, भाऊबीजेला. मी लीडना बाजूला घेऊन सांगितलं की क्लायंटच्या त्या गृहस्थांनी सांगितलं होतं, मला कळलं नव्हतं, आणि कळलं नाही हे मला तेव्हा कळलं होतं, तरी मी येस म्हणाले.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मलापण रोलबॅकच वाटलं होतं गं."

मग आम्ही बाकीच्या चौघांना विचारलं. दोघांना आठवतच नव्हतं, दोघांना वाटलं होतं की काहीतरी वेगळं बोलले, पण मी येस म्हटल्यावर त्यांना वाटलं मला माहीत आहे. म्हणजे माझ्या एका येसवर पाच जण गप्प बसले होते. त्यातला एक माणूस अकरा वर्षं या कामात होता. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही, उलट भीती वाटली, की रोजच्या कॉलवर अजून किती गोष्टी अशाच येस म्हणून गेल्या असतील.

आरसीएमध्ये आम्ही ते लिहिलं, माझं नाव घालून नाही पण स्पष्ट लिहिलं, की क्लायंटने दिलेली सूचना टीमला समजली नव्हती आणि खुलासा मागितला गेला नाही. आमच्या मॅनेजरला ते वाक्य क्लायंटकडे जाऊ द्यायचं नव्हतं. लीड त्यासाठी भांडले. शेवटी गेलं. त्या वर्षीच्या अप्रेझलला मला मधलं रेटिंग मिळालं आणि कारणात ‘कम्युनिकेशन’ असं लिहिलं होतं. ते मला लागलं, खोटं कशाला सांगू. पण क्लायंटच्या त्या गृहस्थांनी त्यानंतर एक केलं, कॉलवर काही महत्त्वाचं बोलले की शेवटी म्हणायचे, आता तुम्ही मला सांगा मी काय म्हणालो. आणि आम्ही सांगायचो. सुरुवातीला शाळेत उभं केल्यासारखं वाटायचं, पंधरा दिवसांत सवय झाली, आणि त्या महिन्यातच दोन गोष्टी आमच्याकडून चुकीच्या समजलेल्या सापडल्या.

जॉब पुन्हा दोनच्या पुढे, म्हणजे चारवर नेला. मग मी एक काम स्वतःहून मागून घेतलं. शेड्युलरमधली सगळी यादी काढली आणि पहाटे एक ते तीनच्या मधले सगळे जॉब वेगळे केले, कारण नोव्हेंबरमध्ये एक ते दोनचा तास दोनदा येतो तर मार्चमध्ये दोन ते तीनचा तास येतच नाही, घड्याळ ०१:५९ वरून सरळ ०३:०० वर जातं. त्या गायब तासात दोन जॉब होते. जुने लॉग उघडून मार्च २०१८ चा दुसरा रविवार बघितला, ११ तारीख, त्या दोन्ही जॉबची नोंदच नाही. २०१७ चा बघितला, १२ तारीख, तिथेही नाही. एजंटांचे रिपोर्ट होते, रविवारी कुणी बघत नसेल, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला समजलं नव्हतं की त्या दिवशी ते चालतच नाहीत. १० मार्च २०१९ च्या आधी आम्ही दोन्ही हलवले. पप्पांच्या भाषेत सांगायचं तर जुन्या वहीतली चूक सापडून खातं मिळालं, आणि तो आनंद काय असतो हे मला त्यांच्याकडे बघून माहीत होतं.

त्यानंतर मी टीममध्ये नव्या येणाऱ्यांना केटी द्यायला लागले. परभणीचा एक मुलगा आला होता, मराठी मीडियमचाच, फार हुशार, प्रत्येक गोष्टीला मान हलवायचा. मी त्याला सांगितलं की तुला जे कळलं ते मला मराठीत सांग. तो अडखळला तिथे आम्ही थांबलो. चार आठवड्यांची केटी सहा आठवडे चालली आणि मॅनेजर नाराज झाले, त्या दोन आठवड्यांचं बिलिंग गेलं म्हणून. त्यांचंही खरं होतं, त्यांना वर आकडे द्यायचे असतात. मी तरी पुढच्या वेळी सहाच आठवडे मागितले.

२०२० च्या मार्चमध्ये जनता कर्फ्यूच्या आधी मी लॅपटॉप घेऊन बार्शीला आले आणि दीड वर्ष तिथूनच काम केलं. लाइट गेली की डोंगल घेऊन गच्चीवर. तेव्हा पहिल्यांदा घरच्यांनी माझं काम डोळ्यांनी बघितलं. आईला एवढंच दिसायचं की ही दिवसभर एकटीच बोलते. पप्पा मात्र संध्याकाळी यार्डातून आले की खुर्ची ओढून शेजारी बसायचे, काही न बोलता.

१ नोव्हेंबर २०२० ला रविवार होता, नोव्हेंबरचा पहिला. पप्पांना मी सकाळीच सांगून ठेवलं होतं. अकरा वाजता ते चहाचा कप घेऊन बसले. मी सर्व्हरची ती काळी खिडकी उघडली, त्यात दर मिनिटाला एक ओळ पडते. साडेअकरा व्हायला आले. ०१:५७. ०१:५८. ०१:५९. पुढची ओळ पडली ती ०१:००.

पप्पांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. वरची ओळ वाचली, खालची वाचली. मग लगेच विचारलं, "मग हे दीडचं आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे वहीत कळणार कसं?"

मी म्हणाले, आता आम्ही नोंद यूटीसीमध्ये करतो, ते घड्याळ कधीच मागेपुढे होत नाही. ते म्हणाले, "यूटीसी म्हणजे काय? नीट सांग, मला नाही समजलं."

मी वही उघडली आणि कोऱ्या पानावर दोन रकाने आखले.